भट्टीतला ठराव

चिटणिसांनी जिन्यातच गाठून विचारलं, “तुमची खूण काय लिहू?” आणि जुळाऱ्याचा उचललेला पाय पायरीवर टेकायचा राहिला. प्रश्न साधा होता. चिटणिसांच्या हातात वही, वहीत रकाने, रकान्यांत इमारतीतली बारा घरं. अकरा घरांपुढे काही ना काही लिहिलेलं होतं. तळमजल्यावरच्या नर्सबाई: अधिकचं चिन्ह. पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर: दाढ. खुद्द चिटणीस: समितीचा गोल शिक्का. बाराव्या घरापुढे मात्र नुसती मोकळी जागा, आणि त्या जागेवर चिटणिसांच्या पेनाचं निब टपून बसलेलं. “आमची ना,” जुळारी म्हणाला आणि थांबला. किल्लीसाठी खिशात हात घालावा आणि किल्ली तर नाहीच, पण खिसाही हाताला लागू नये, तसं झालं त्याला. “लिहा नंतर,” तो म्हणाला. चिटणिसांनी चष्म्यावरून पाहिलं. “नंतर कसं चालेल? सदर यादी आजच्या ठरावाला जोडायची आहे.” चिटणिसांना ‘सदर’ हा शब्द इतका लाडका होता, की ते लग्नात बायकोच्या गळ्यात सदर हार घालतो म्हणाले होते अशी इमारतीत बोलवा होती. “मग सदर जागा कोरी सोडा,” जुळारी म्हणाला, आणि उरलेल्या पायऱ्या कुणी मागे लागल्यासारखा चढून गेला.

जुळारी म्हणजे छापखान्यात खिळे जुळवणारा. एकेक अक्षर खणातून उचलायचं, उलटं लावायचं, म्हणजे कागदावर सुलटं उमटतं. छापखाना बंद पडून वीस वर्षं झाली, खिळे वितळवून कुणी कुणी काय काय केलं, हा मात्र जुळारी तो जुळारीच राहिला. इमारतीत त्याचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. बँकेत नाहीतर दवाखान्यात कुणी त्या नावाने पुकारलं, की हा आधी इकडेतिकडे बघायचा, हाक कुणाला आहे म्हणून. गंमत अशी, की या खुणांच्या भानगडीचा जनक तोच होता. मागच्या अंगणात फुटकी टाकी पडली होती तिथे सगळ्यांनी मिळून पाव भाजायची मातीची भट्टी बांधू, ही कल्पना नर्सबाईंची. त्यांची सगळी नोकरी बाळंतिणींच्या वॉर्डात गेली, आणि त्यातली सहा वर्षं कुठल्याशा आडगावच्या दवाखान्यात, जिथे पाव हवा तर भट्टीही आपणच बांधायची. पण त्या बैठकीत नर्सबाई दोन वाक्यं बोलल्या आणि जुळारी पाऊण तास बोलला. “माझं लहानपण भट्टीच्या तोंडाशी गेलंय,” तो म्हणाला. गल्लीच्या टोकाला भट्टी होती. आठवड्यातून दोनदा पेटायची. घरोघरच्या बाया मळलेल्या पिठाचे पाव फळीवर घेऊन यायच्या, आणि भाजून निघाल्यावर कुणाचा कुठला कळावा म्हणून प्रत्येक घराची खूण असायची. न्हाव्याच्या घरचा कंगवा टोचलेला, शिंप्याकडचं बटण दाबलेलं, कुलूपवाल्याची किल्ली, घड्याळजीची चांदणी. सगळे माना डोलावत होते, तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, “आणि तुमची?” त्यावर तो गूढ हसला होता. गूढ हसणं स्वस्त पडतं. आता बिल आलं होतं.

“पान ना आपलं?” बायको म्हणाली. ती कांदा चिरत होती, म्हणून तिच्याकडे बघायचं त्याला बळ आलं. “मधे शीर, दोन्हीकडे बारीक रेघा. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात सांगितलं होतंत. हाताने काढून दाखवलं होतंत उशीवर.” त्याला उशी आठवली, पान आठवलं, आणि ते पान उशीवर काढताना आपण ते तिथेच शोधून काढत होतो, हेही आठवलं. मग त्याने मुलीला फोन लावला. मुलगी म्हणाली, “मासा होता की, बाबा. मी चौथीत निबंध नाही का लिहिला त्यावर? दहापैकी नऊ मिळाले होते.” म्हणजे मुलीला मासा सांगितला होता. त्याने ताईला फोन लावला. ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, आणि तिच्याशी बोलायचं म्हणजे आधी डावा गुडघा, मग उजवा गुडघा, मग गुडघ्याच्या डॉक्टरांची सून, इतकी स्टेशनं घेत जावं लागे. खुणेवर आल्यावर ती ठामपणे म्हणाली, “चांदणी.” “चांदणी घड्याळजीची, ताई.” “मग मला विचारतोस कशाला? पाव आणायला तू जायचास. मी कधी गेले? मला भट्टीवाल्या मावशीची भीती वाटायची.” फोन ठेवल्यावर तो गॅलरीत उभा राहिला. आई जाऊन तीस वर्षं होत आली. तिचा एक फोटो होता, त्यात तिचे डोळे मिटलेले आले होते. तिचं अक्षर नव्हतं, तिला लिहिता येत नव्हतं. तिने या जगावर स्वतःच्या हाताने काही उमटवलं असेल तर ती पावावरची खूण, आठवड्यातून दोनदा, वर्षानुवर्षं. आणि ती तिच्या मुलाच्या डोक्यातून गेली होती. पहिल्या भाजणीच्या रविवारी काहीतरी खूण करावी तर लागणार. पान केलं तर ते थापेचं पान. एकदा ते भट्टीतून भाजून निघालं, की पक्कं होणार, आणि खाली कुठे खरी खूण असलीच तर ती कायमची झाकली जाणार. आपल्या आईच्या जागी आपण कुणा दुसऱ्याच बाईला उभी करतोय असं त्याला वाटलं, आणि त्या बाईचे डोळेही मिटलेलेच होते.

भट्टीचं काम दुसऱ्याच दिवशी सुरू झालं. जुन्या विटांचा ओटा झाला, वर भाजक्या विटांची सपाट जमीन. त्या जमिनीवर ओल्या वाळूचा घुमट रचायचा, घुमटावर ओले कागद चिकटवायचे, कागदावर माती थापायची. माती वाळली की दार कापायचं आणि आतली वाळू उकरून काढायची. कागद लागला की समजायचं, आता थांबा, पुढे भट्टी आहे. नर्सबाईंनी हे सगळं इतकं सरळ सांगितलं, की समितीला ते पटेना. माती तुडवण्यासाठी उपसमिती नेमली गेली. माती, वाळू आणि कापलेला पेंढा ताडपत्रीवर पसरून अनवाणी तुडवायचा होता, आणि उपसमितीच्या पहिल्याच बैठकीत दातांचे डॉक्टर इस्त्रीच्या पँटसह बसले. म्हणजे उभे होते, मग बसले. “दुखलं का?” नर्सबाईंनी विचारलं. “थोडं जाणवेल, असं मी पेशंटना सांगतो,” डॉक्टर मातीतूनच म्हणाले, “तेवढंच.” जुळाऱ्याने पायजमा गुडघ्यापर्यंत ओढला आणि तोही चिखलात उतरला. थंडगार माती बोटांमधून वर आली तसं काहीतरी वर आलं, घोट्यापर्यंत आलं, आणि तिथेच थांबलं. आईचे पाय आठवले, टाचेला भेगा होत्या. हात आठवत नव्हते. ती ओट्यावर पाव ठेवून त्यावर फडकं घालायची, तिथपर्यंत दिसायचं. फडक्याच्या आधी ती काय करायची तिथे कुणीतरी पान फाडून नेल्यासारखं होतं.

खरं संकट कागदाने आणलं. घुमटाला लावायला रद्दी हवी होती, आणि बारा घरांत मिळून एक वर्तमानपत्र निघालं नाही. सगळे फोनवर वाचत होते. जुळाऱ्याला, ज्याने उभ्या जन्मात बातम्यांच्या चळती जुळवल्या, हे बघून मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हा चिटणीस पुढे झाले. चौदा वर्षांच्या इतिवृत्ताच्या वह्या त्यांच्या घरात होत्या, सगळ्या तपकिरी पुठ्ठ्याच्या, सगळ्या शाईच्या पेनाने लिहिलेल्या. “समितीचा इतिहास समितीच्या कामी यावा,” ते सद्गदित होऊन म्हणाले आणि स्वतःच्या हाताने पानं फाडून देऊ लागले. नर्सबाई ती बादलीत भिजवून वाळूवर थापत गेल्या. ‘पाण्याचा पंप दुरुस्त करणे’ घुमटाच्या माथ्यावर गेलं, ‘जिन्यातील दिवा’ कमरेला आला. मग चार बोटं जाडीची माती चढली, सगळ्यांनी हातांनी थोपटून गुळगुळीत केली. वाळायला आठ दिवस दिले. दार कापायच्या वेळी चिटणिसांनी मोजपट्टी लावली, नर्सबाईंनी वीत लावली, आणि वीत बरोबर निघाली. वाळू उपसून झाली, आतले कागद सोलून निघाले. आणि त्याच गुरुवारी सकाळी पालिकेचा माणूस आला.

माणूस सभ्य होता, त्यामुळे जास्तच भीती वाटली. समोरच्या इमारतीतून धुराची तक्रार आली होती. “अजून पेटवलीच नाही,” नर्सबाई म्हणाल्या. “तक्रार आगाऊ आहे,” तो म्हणाला, “तशी सोय आहे.” मग त्याने पिशवीतून कागद काढला. सामाईक जागेत बांधकाम, तर सर्व घरांचा लेखी ठराव हवा. ठराव दाखवा, मी शेरा मारतो. नसेल तर आजच पाडा, मी तसा शेरा मारतो. त्याला दोन्ही शेरे सारखेच येत होते. “ठराव आहे तर,” चिटणीस ऐटीत म्हणाले आणि वर गेले. खाली आले तेव्हा त्यांची ऐट वरच राहिली होती. हातात मागच्या वर्षीची वही होती. चालू वर्षाची, तीही तपकिरी पुठ्ठ्याची, चौदा वर्षांच्या इतिहासाबरोबर बादलीत गेली होती. भट्टी बांधावी असा जो ठराव, तो भट्टीला लागला होता. सोललेल्या कागदांचा लगदा बघितला, त्यात शाईचा मागमूस नव्हता. मग नर्सबाई वाकल्या, दारातून टॉर्च मारला आणि म्हणाल्या, “शाई आत आहे. मातीने ओढून घेतलीय. पण भाषा कुठली आहे कोण जाणे.” जुळाऱ्याने त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. आतल्या गोल भिंतीवर, माथ्यापासून खालपर्यंत, फिकट निळ्या ओळी होत्या, उलट्या, उजवीकडून डावीकडे चाललेल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलत होतं. “मराठीच आहे,” तो म्हणाला. “उलटी आहे. मी वाचतो.” डॉक्टरांनी फोनवर फोटो काढून उलटा करायचं सुचवलं, पण पालिकेच्या माणसाने मान हलवली. “नियमात ‘मूळ ठराव वाचून दाखवावा’ असं आहे. फोटोचं काही नाही. मूळ तर हाच ना? मग वाचा. मी चहा संपेपर्यंत आहे.” तो पालथ्या बादलीवर बसला. चहा अर्थातच चिटणिसांच्या घरून आला, मोठ्यात मोठ्या कपातून.

जुळाऱ्याने टॉर्च धरलेला हात आत घातला, मग डोकं, मग दुसरा खांदा तिरका करून आत लोटला. दार डोक्याच्या मापाचं होतं, खांद्यांच्या नाही, पण तो शिरला. बाहेरचं सगळं एकदम लांब गेलं. ओल्या मातीचा, पेंढ्याचा वास, आणि स्वतःचाच श्वास गोल फिरून परत कानाशी येत होता. ‘दिनांक सोळा,’ त्याने वाचलं आणि आवाज घुमला, जणू त्याच्याआधीच कुणी आत बसून वाचत होतं. “आज रोजी भरलेल्या बैठकीत सर्वानुमते असा ठराव करण्यात येतो की, सदर इमारतीच्या सदर अंगणात सदर भट्टी,” बाहेर चिटणीस उतरवून घेत होते, “हो, हो, सदर, बरोबर,” असं मधेमधे आनंदाने म्हणत होते. मग यादी आली. तळमजला, अधिकचं चिन्ह. पहिला मजला, दाढ. ओळ भिंतीच्या वळणाबरोबर खाली उतरत गेली, तो मान वळवत गेला. “चौथा मजला, डावीकडील घर,” त्याने वाचलं आणि टॉर्च पुढे सरकवला. पुढे काही नव्हतं. “पुढे?” चिटणिसांचा आवाज आला. “पुढे काही नाही.” “पुसलं गेलं का?” “नाही. कोरंच आहे.” आणि ते म्हणताना त्याची बोटं त्या कोऱ्या जागेवर टेकली. सवयच होती ती. छापखान्यात पहिल्या आठवड्यात त्याने दोन शब्द जोडून लावले होते, मधे खिळा घालायला विसरला होता, तेव्हा मोठ्या जुळाऱ्याने टपली मारून म्हटलं होतं, “मोकळी जागा आपोआप पडत नसते, गधड्या. तिलाही शिसं लागतं. तीही जुळवावी लागते.” अक्षर नसलेला खिळा. उंचीला बुटका, शाई न लागणारा, कागदावर कधीच न दिसणारा. ओळीओळीतून त्याने असे लाखो बुटके बसवले होते. कोरी जागा. बोटाखाली माती गार होती. आणि लाकडी फावडं आतून सरसर बाहेर यायचं तो आवाज त्याला ऐकू आला. भट्टीवाली मावशी, धुराने लाल झालेले डोळे, लांब दांड्याच्या फावड्यावर एकेक पाव, आणि तिची ती खणखणीत हाक: “कंगवा.” न्हाव्याची पोरगी पुढे. “बटण.” शिंप्याचा पोरगा पुढे. “किल्ली. चांदणी.” पोरं हाकेसरशी उड्या मारत जायची, छातीशी गरम पाव धरून पळायची. हा उभा. रांग सरायची, अंगण रिकामं व्हायचं, फळीवर एकच पाव राहायचा, गुळगुळीत, वर काही नसलेला. आणि मावशी त्याच्याकडे न बघताच म्हणायची, “उरला तो तुमचा.”

उरला तो तुमचा. आठवड्यातून दोनदा. तो तिथेच, अर्धा भट्टीत आणि अर्धा इमारतीच्या अंगणात, सात वर्षांचा झाला. त्याला वाटायचं, आपल्याला उरलंसुरलं मिळतं. सगळ्यांना हाक, आपल्याला शिल्लक. म्हणून एकदा त्याने काय केलं, आई फडकं आणायला आत वळली तेवढ्यात ओट्यावरच्या पावाला तोंड लावलं आणि दातांची खूण उठवली, वरचे चार, खालचे तीन, एक पडला होता. आता मावशी ‘दात’ म्हणून हाक मारणार होती. तो अंगणात सगळ्यांच्या पुढे जाऊन उभा राहिला. कंगवा गेला, बटण गेलं, किल्ली गेली, चांदणी गेली. मावशीने शेवटचा पाव फावड्यावर घेतला, उजेडात धरला, आणि म्हणाली, “हा उंदराने खाल्लेला तुमचा.” सगळं अंगण हसलं. तो पाव घेऊन घरी आला तो रडतच. आईने पाव बघितला, त्याचं तोंड बघितलं, आणि अगदी गंभीरपणे विचारलं, “उंदीर केवढा होता रे?” त्याने हुंदका आवरत दोन बोटांत उंदीर दाखवला, एवढासा. “मग दात त्याच्या मानाने मोठेच म्हणायचे,” आई म्हणाली, आणि हसून हसून खाली बसली. मग जवळ ओढून म्हणाली, “आपल्याला कशाला रे खूण? एवढ्या बाया मरमर करून खुणा करतात, त्या आपल्याच कामाला येतात की. मी तेवढ्या वेळात तुझं डोकं विंचरते.” हे सगळं त्याला माहीत होतं. साठ वर्षं माहीत होतं. लाज वाटली म्हणून त्याने त्यावर आधी पान ठेवलं, मग पानावर मासा ठेवला, आणि खाली काय आहे ते बघायचं सोडून दिलं. आईचे हात आता दिसत होते. पावावर ते काहीच करत नव्हते. ते त्याच्या डोक्यावर होते, कंगवा घेऊन.

“अहो, जिवंत आहात का?” पायांकडून बायकोचा आवाज आला. “आहे,” तो म्हणाला, आणि बाहेर यायला लागला, तेव्हा कळलं की येता येत नाहीये. आत जाताना खांदा तिरका गेला होता, आता तो कुठल्या बाजूने तिरका होता ते त्याला आठवेना. डॉक्टरांनी एक पाय धरला, चिटणिसांनी दुसरा. “ओढू नका,” नर्सबाई गरजल्या, “दार तुटेल.” माणसाचं काय तुटेल याचा उल्लेख झाला नाही. पालिकेचा माणूस बादलीवरून उठला आणि कपातला शेवटचा घोट तसाच ठेवून उभा राहिला. चहा संपू न देण्याइतकी माणुसकी त्याच्यात होती. नर्सबाईंनी सगळ्यांना बाजूला केलं, पदर खोचला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. “मी हजारभर पोरं बाहेर काढलीत,” त्या म्हणाल्या, “त्यात हा एक म्हातारा जड नाही. श्वास सोडा. पूर्ण सोडा. आता डावा खांदा छातीकडे आवळा. घाई नाही. हं, आता मी सांगते तेव्हा.” त्याने श्वास सोडला, खांदा आवळला, डोळे मिटले. मातीने त्याला क्षणभर धरलं, आणि सोडलं. तो उजेडात आला तेव्हा तोंडभर माती, डोळ्यांत पाणी आणि हातात चालू टॉर्च होता. दाराच्या कडेला त्याच्या खांद्याचा खोलगट ठसा राहिला. “मुलगा झाला,” डॉक्टर म्हणाले.

पालिकेच्या माणसाने चिटणिसांचा कागद वाचला. “ठराव ठीक आहे,” तो म्हणाला, “पण बाराव्या घराची खूण भरलेली नाही. अपूर्ण दिसतं.” सगळ्यांनी जुळाऱ्याकडे पाहिलं. “अपूर्ण नाही,” जुळारी तोंडावरची माती पुसत म्हणाला. “आमची खूण नाही, हीच. बाकीच्या सगळ्यांच्या असल्या की आमची लागत नाही.” माणसाने विचार केला. नोकरीत त्याला अशी उत्तरं फार मिळत नसावीत. मग त्याने रकान्यात नीट अक्षरात लिहिलं, ‘निरंक’, खाली सही केली आणि थंड घोट पिऊन टाकला. “निरंक चालतं,” तो म्हणाला. “कोरं चालत नाही.”

त्या दिवशी दुपारी जुळाऱ्याने बायकोला सगळं सांगितलं, भट्टीवाली, फळी, उंदीर, सगळं. आंघोळ होऊनही कानातून माती येत होती. बायको ऐकत होती, आणि तिचा चेहरा असा होता की त्यावरून काहीच वाचता येत नव्हतं, उलटं नाही, सुलटं नाही. “म्हणजे,” ती शेवटी म्हणाली, “चाळीस वर्षं मी लोकांना पान सांगत आले, ते?” “ते मी आपलं उगीच,” तो म्हणाला. “लाज वाटायची.” “माझ्या आईला सांगितलं मी. ती म्हणाली होती, घर चांगलं दिसतं, पान काढतात.” “हो, पण,” “हं,” ती म्हणाली, आणि तो ‘हं’ पुढचे तीन दिवस घरात हिंडत होता. जेवताना समोर बसायचा, झोपताना मधे.

रविवारी पहाटेपासून लाकडं पेटली. आधी धूर झाला, मग माती तापली, आणि आतल्या भिंतीवरच्या निळ्या ओळी एकेक करून करड्या झाल्या, काळ्या झाल्या, मग आणखी तापल्यावर भिंत स्वच्छ पांढुरकी निघाली. चौदा वर्षांचं इतिवृत्त संपलं. चिटणिसांनी रुमाल काढला. “सदर धूर,” ते म्हणाले. तीन तासांनी नर्सबाईंनी निखारे बाहेर ओढले, ओल्या फडक्याने जमीन पुसली, मूठभर पीठ आत टाकून बघितलं. पीठ काळं न पडता बदामी झालं. “आणा,” त्या म्हणाल्या. घराघरांतून फळ्या निघाल्या, त्यांवर फडक्याखाली फुगलेले पाव. जुळाऱ्याने स्वतःचा पाव सकाळी स्वतः मळला होता, आईसारखाच, वर काही न करता, आणि फडकं आणायला आत गेला होता. फळी बायको घेऊन आली. बारा पाव आत गेले, ओली फळी दाराला लागली, कडांना माती लिंपली गेली. मग अर्धा तास वाट बघायची होती. वास हळूहळू आला, आधी पायाशी, मग नाकाशी, मग कुठे कुठे. माणसं आपोआप दारासमोर रांगेत उभी राहिली, आणि जुळारी सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. त्याला तिथेच उभं राहायचं होतं. आज तो शेवटचा पाव घेणार होता, मान वर करून, ज्याला वर काही नाही असा.

नर्सबाई फावड्याने एकेक पाव काढून ओरडू लागल्या. “दाढ.” डॉक्टर पुढे झाले, दाढ भाजताना फुगली होती, तिला आता उपचारांची गरज होती. “शिक्का.” चिटणिसांनी दोन्ही हातांनी घेतला आणि अक्षरं वाचता येतात का ते बघितलं. बाण गेला, टोपी गेली, दोन ठिपके गेले. “पान,” नर्सबाई म्हणाल्या. कुणी पुढे आलं नाही. “पान कुणाचं आहे?” जुळाऱ्याने इकडेतिकडे पाहिलं. दवाखान्यात बघायचा तसं. पान कुणी घेतलं असेल बरं, यादीत तर नव्हतं. मग कोपर बरगडीत बसलं. “अहो, जा,” बायको पुढे बघतच म्हणाली. “तुम्हालाच हाक आहे.” त्याने तिच्याकडे पाहिलं. “तू केलंस?” “तुम्ही फडकं आणायला आत गेलात तेव्हा,” ती म्हणाली. “तुमच्या आईची नव्हती, कबूल. पण माझी आहे. चाळीस वर्षांची आहे. मी का सोडू?” “पान,” नर्सबाई तिसऱ्यांदा ओरडल्या, “गार होतंय.” आणि तो निघाला. अडुसष्टाव्या वर्षी, पायजम्याला माती, समोर रांगेतली माणसं वाट करून देताहेत, तो निघाला तो चालत नव्हता. चालतोय असं त्याला वाटत होतं, पण बायकोने नंतर सगळ्यांना सांगितलं की दोन पावलं तरी त्याने उडी मारली.

पाव गरम होता, छातीशी धरला तर शर्टातून लागत होता. पानाची शीर फुगून वाकडी झाली होती, देठ फाकला होता; बाजूने पाहिलं तर चक्क मासा दिसत होता. मुलीला फोटो पाठवला पाहिजे, दहापैकी दहा. मागे अंगणात अजून हाका चालू होत्या, आणि शेवटी फळीवर नर्सबाईंचा स्वतःचा पाव राहिला. सगळ्यांचं सांभाळताना अधिकचं चिन्ह करायचं त्या विसरल्या होत्या. त्या आपल्या कोऱ्या पावाकडे जरा गोंधळून बघत होत्या. “उरला तो तुमचा,” जुळारी लांबूनच म्हणाला, आणि त्याच्या लक्षात आलं की हे वाक्य म्हणताना आवाज किती मऊ निघतो. मावशीचाही तसाच निघत असेल. त्याने ऐकलं नव्हतं.

जिन्याशी आल्यावर त्याच्याने राहवेना. त्याने पाव वर केला आणि पानाच्या शेजारी, कडेला, कडकडून चावा घेतला. जीभ पोळली. बायकोने तो चावा बघितला, त्याचं तोंड बघितलं, आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, “उंदीर केवढा होता हो?”

त्याचं तोंड भरलेलं होतं, बोलता येत नव्हतं. त्याने पाव एका काखेत घेतला, वाकला, आणि दुसरा हात जमिनीपासून वर नेत नेत स्वतःच्या कमरेशी थांबवला, सात वर्षांच्या पोराचं डोकं येईल तिथे. हात तिथेच राहिला थोडा वेळ. बोटं किंचित हलली, केस विंचरल्यासारखी.